रक्त येतं तिथेच ब्रश फिरवायचा

ताई,
मला पाचवा महिना चालू आहे. पहिले तीन महिने उलट्यांनी हैराण झाले होते. आता त्या कमी आहेत, पण सकाळी ब्रश तोंडात घातला की अजून उमळून येतं. महिनाभरापासून हिरड्यांतून रक्त येतंय, म्हणून तिथे ब्रश लावायचं मी सोडूनच दिलं. मागच्या आठवड्यात नवरा म्हणाला, "राग मानू नकोस, पण तुझ्या तोंडाला वास येतोय." तेव्हापासून दिवसातून चार-पाच वेळा कडक माउथवॉश वापरते आणि ऑफिसात बोलताना तोंडावर हात धरते. सासूबाई म्हणतात, बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, एका मुलामागे एक दात जायचाच. एका वरच्या दाढेत खड्डा आहे, ती अधूनमधून ठणकते. पण इंजेक्शन, एक्स-रे, गोळ्या बाळाला बाधतील म्हणून बाळंतपण होईपर्यंत दातांच्या डॉक्टरकडे जायचं नाही असं घरात ठरलंय. बरोबर आहे ना? आणि वासाचं काय करू?
– तोंडावर हात धरणारी

अगं, सगळ्यात आधी घरात ठरलेलं मोडू. दातांच्या डॉक्टरकडे जायचं ते बाळंतपणानंतर नाही, याच आठवड्यात. रक्त, वास, कॅल्शियम, सगळ्याबद्दल सांगते. पण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकली ती ठणकणारी दाढ, आणि नेमकी तीच तू एका ओळीत उरकून टाकलीस.

गरोदरपणात दातांचे आवश्यक उपचार कुठल्याही महिन्यात करता येतात. त्यातल्या त्यात चौदाव्या ते विसाव्या आठवड्याचा काळ सोयीचा. मळमळ ओसरलेली असते आणि खुर्चीत मागे टेकून बसणं जिवावर येईल इतकं पोट अजून वाढलेलं नसतं. तू आत्ता तिथेच आहेस. थांबलीस तर पुढचे साडेचार महिने, आणि त्यानंतर तान्ह्या बाळाला घेऊन कुठलीच वेळ स्वतःच्या हातात नसण्याचे महिने. दाढेतली कीड तोवर तुझी वाट बघत थांबणार नाही. ती नसेपर्यंत पोचली की जे काम एका फिलिंगवर भागलं असतं ते रूट कॅनलवर जातं, आणि तेही बहुतेक वेळा आठव्या महिन्यात, रात्री दोन वाजता, गाल धरून बसल्यावर.

गोळ्यांना घाबरून उपचार पुढे ढकलायचे, यातली गंमत बघ. दाढ रात्री ठणकायला लागली की माणूस घरात सापडेल ती वेदनाशामक गोळी तोंडात टाकतो. आयबुप्रोफेन आणि त्याच्या जातीच्या गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळायच्या असतात, कारण त्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२० मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला आहे. म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे गेलीस तर त्यांच्या देखरेखीखाली, माहीत असलेलं औषध मिळेल. नाही गेलीस तर औषध टळेलच असं नाही, फक्त ते अंदाजाने घेतलं जाईल. दुखायला लागलंच तर पॅरासिटॅमॉल चालतं, तेही तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच.

आता एकेक भीती घेऊ. दात सुन्न करण्याच्या इंजेक्शनात सहसा लिग्नोकेन असतं. ते गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरलं जातंय. त्यात थोडं अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे तुला बीपीचा त्रास असेल तर आधी सांगायचं. पण इंजेक्शनशिवाय कळा सोसत बसलीस तर त्या दुखण्याने आणि भीतीने तुझं शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं, हे कुणी लक्षात घेत नाही. एक्स-रेचं म्हणशील तर दाताच्या एक्स-रेचा झोत जबड्यावर असतो आणि पोटापर्यंत पोचणारं प्रमाण जवळजवळ शून्य. शिशाचा एप्रन पूर्वी हटकून घालत. अमेरिकन डेंटल असोसिएशनने तर २०२४ मध्ये त्याचीही गरज नाही असं सांगितलं. तरी मनाला बरं वाटत असेल तर खुशाल मागून घे. उगाच नेहमीची तपासणी म्हणून काढायचा असेल तर एक्स-रे पुढे ढकलता येईल, पण ठणकणाऱ्या दाढेचा पुढे ढकलायचा नाही. कीड किती खोल गेलीय हे नुसतं बघून कळत नाही.

अँटिबायोटिक लागलंच तर अमॉक्सिसिलिनसारखी गरोदरपणात चालणारी औषधं आहेत. नको असतात ती टेट्रासायक्लिन गटातली, डॉक्सिसायक्लिन वगैरे. त्यामागचं कारण तुला पटेल: बाळाचे दुधाचे दात पोटातच घडत असतात. साधारण सहाव्या आठवड्यात त्यांची सुरुवात होते आणि चौथ्या महिन्यात ते कडक व्हायला लागतात. टेट्रासायक्लिन त्या घडणाऱ्या दातांत जाऊन बसतं आणि पुढे ते पिवळट-तपकिरी डाग निघत नाहीत. म्हणून पूर्वीच्या दुखण्यातली उरलेली पाकिटं कपाटातून काढून घ्यायची नाहीत, कितीही ओळखीची वाटली तरी.

फिलिंग करताना पारा असलेलं, चांदीच्या रंगाचं नको, दाताच्या रंगाचं घाला असं सांग. तोंडात जुनं चांदीचं फिलिंग असेल आणि ते नीट असेल तर मात्र आत्ता काढत बसायचं नाही. दात पांढरे करून घेणं, दिसण्यासाठीची कामं, त्रास न देणारी अक्कलदाढ, हे सगळं नंतर बघू.

खुर्चीत एक काळजी घ्यायची. पूर्ण उताणी झोपू नकोस. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि चक्कर, घाम, मळमळ सुरू होते. उजव्या कुशीखाली छोटी उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवून जरा डावीकडे कलायचं. मधेच अस्वस्थ वाटलं तर हात वर कर, थांबतात.

आता रक्त आणि वास. तू या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्या आहेस. मला वाटतं ती बहुतांशी एकच तक्रार आहे.

दातांवर, विशेषतः हिरडीच्या कडेला, जंतूंचा एक चिकट थर रोज जमतो. त्याला प्लाक म्हणतात. तो सगळ्यांच्याच तोंडात असतो. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं (हार्मोन) वाढली की हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांच्या भिंतींतून जास्त पाझरायला लागतं, आणि तेवढ्याच थरावर हिरडी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त चिडते. लाल होते, सुजते, नुसतं बोट लावलं तरी रक्त येतं. बहुसंख्य गरोदर बायकांना कमीजास्त प्रमाणात हे होतं. दुसऱ्या महिन्याच्या आसपास सुरू होऊन आठव्या महिन्यापर्यंत वाढत जातं. शिवाय प्रिव्होटेला इंटरमिडिया नावाचा एक जंतू हिरडीच्या फटीत राहतो. त्याला वाढीसाठी एका जीवनसत्त्वासारखा पदार्थ लागतो, आणि गरोदरपणातली ही संप्रेरकं त्याची ती गरज भागवतात. त्यामुळे त्याची चंगळ होते. हाच जंतू दुर्गंधीचे वायूही सोडतो.

म्हणजे झालं काय बघ. हिरडीतून रक्त आलं, तू घाबरून तिथे ब्रश लावायचा बंद केलास. थर तिथेच साचला, जंतू वाढले, हिरडी आणखी सुजली, रक्त आणखी यायला लागलं. त्या रक्तातली प्रथिनं हे जंतूंचं आवडतं खाणं. ती कुजवूनच ते गंधकाचे वायू तयार करतात. आणि वास आला म्हणून तू माउथवॉश सुरू केलास, जो त्या फटीत पोचतच नाही.

तेव्हा रक्त येतं तिथेच ब्रश फिरवायचा. अगदी मऊ केसांचा, हळू हाताने, पण तिथेच. ब्रश दाताला सरळ धरायचा नाही. थोडा तिरपा, केसांची टोकं दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर टेकतील असा. टेकवल्यावर रेटायचा नाही. जागच्या जागी बारीक थरथरवायचा, दहापर्यंत मोजायचं, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडल्यासारखा फिरवायचा आणि पुढच्या दोन दातांवर जायचं. तुझ्या ब्रशचे केस बाहेर वाकून फुलासारखे उमलले असतील तर तू जोर जास्त लावते आहेस. पहिले काही दिवस रक्त येईल, बेसिन लालसर दिसेल. घाबरू नकोस. नीट घासत राहिलीस तर आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी होताना दिसायला हवं. नाही झालं तर हिरडीखाली दगडासारखं कडक कीटण बसलेलं आहे असं समज. ते ब्रशने निघत नाही, स्केलिंग करून काढावं लागतं. तेही आत्ता करता येतं.

इंटरनेटवर तू एव्हाना वाचलंच असशील की हिरड्या खराब असल्या तर बाळ लवकर जन्मतं. दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात हे खरं. पण २००६ साली अमेरिकेत हिरड्यांचा आजार असलेल्या ८०० हून अधिक गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींच्या हिरड्यांची खोलवर सफाई २१ आठवड्यांच्या आत केली, उरलेल्यांची बाळंतपणानंतर. मुदतीआधी बाळ होण्याच्या प्रमाणात त्याने फरक पडला नाही. मात्र ज्यांचे उपचार गरोदरपणात झाले त्यांच्या हिरड्या सुधारल्या, आणि उपचारांनी बाळाला काही अपाय झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे "तुझ्या हिरड्यांमुळे बाळाचं काहीतरी होणार" ही धास्तीही नको, आणि "उपचार केले तर बाळाचं काहीतरी होईल" हीसुद्धा नको. घरात दाखवायला यापेक्षा सोयीचा पुरावा मला तरी माहीत नाही.

एखाद्या दिवशी दोन दातांच्या मधे लालभडक, बोटाच्या पेराहून लहान गाठ वाढलेली दिसली तर किंकाळी फोडू नकोस. काही गरोदर बायकांना ती येते, बहुधा चौथ्या महिन्यानंतर. तिला प्रेग्नन्सी ट्यूमर म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता, कारण तो कॅन्सर नव्हे आणि बाळंतपणानंतर ती बहुधा आपसूक आकसते. दाखवून मात्र घ्यायची.

वास नेमका कुठून येतो हे घरी शोधता येतं. स्वतःच्या श्वासाचा वास स्वतःला नीट कळत नाही, नाकाला त्याची सवय झालेली असते. हातावर फुंकर मारून बघण्यात अर्थ नाही. मागच्या दाढांच्या फटीतून फ्लॉसचा धागा फिरव आणि काही सेकंदांनी हुंग. वेगवेगळ्या फटी घे, ठणकणाऱ्या दाढेजवळची मुद्दाम घे. एकाच फटीला घाण वास आला तर चोर तिथेच आहे. मग एक स्वच्छ चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच ओढ. त्यावर पांढरट-पिवळट थर येईल. तो हुंग. बहुतेकांच्या तोंडाचा वास हिरड्या आणि जिभेचा मागचा भाग इथूनच येतो, पोटातून नाही. तिसरी चाचणी नवऱ्याच्या मदतीने: तोंड घट्ट मिटून नाकाने श्वास सोड, मग नाक चिमटीत धरून तोंडाने. वास फक्त नाकातून येत असेल तर दातांचा काही संबंध नाही, सर्दी किंवा सायनस बघायचं. गरोदरपणात नाक चोंदतं, अगदी सर्दी नसतानाही. मग रात्री तोंड उघडं टाकून झोप लागते आणि लाळ वाळते. लाळ म्हणजे तोंडाची अखंड चालणारी धुलाई. ती थांबली की सकाळी वास हमखास.

एक वास मात्र वेगळा ओळखायचा. पिकलेल्या फळासारखा गोडसर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा. पोटात अन्न टिकत नसलं, उपाशी राहावं लागलं की शरीर चरबी जाळतं आणि कीटोन तयार होतात, त्यांचा तो वास. तुझ्या उलट्या कमी झाल्यात म्हणतेस, त्यामुळे बहुधा हे नसावं. पण उलट्या पुन्हा वाढल्या, लघवी गडद आणि कमी व्हायला लागली, किंवा दिवस राहण्याआधीच्या वजनापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर दातांच्या नाही, बाळंतपणाच्या डॉक्टरकडे लगेच. मधुमेह असलेल्यांनी तर या वासाकडे अजिबात दुर्लक्ष करायचं नाही.

तो माउथवॉश बंद कर. जळजळ होते म्हणजे काम करतोय असं आपल्याला वाटतं, पण ती जळजळ बऱ्याचदा अल्कोहोलची असते आणि अल्कोहोलने तोंड आणखी कोरडं पडतं. घामेजलेल्या सदऱ्यावर अत्तर मारण्यासारखं आहे ते, दहा मिनिटांनी दोन्ही वास येतात. वापरायचाच असेल तर अल्कोहोल नसलेला, फ्लोराइडचा, दिवसातून एकदा, आणि ब्रश करून झाल्या झाल्या नाही, एरवी. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी हिरड्यांसाठी दिला तर सांगितलेले दिवसच घ्यायचा. जास्त दिवस घेतला की दातांवर तपकिरी डाग येतात आणि तोंडाची चव जाते. ऑफिसात साध्या पाण्याची बाटली जवळ ठेव आणि थोडं थोडं पीत राहा. झायलिटॉलचं, साखर नसलेलं च्युइंग गम चघळलंस तर लाळ सुटते आणि कीड करणाऱ्या जंतूंना खायलाही काही मिळत नाही. मळमळीसाठी आंबटगोड गोळ्या चघळत बसायची सवय लागली असेल तर ती सोड. त्यांत साखरही असते आणि आम्लही, आणि दोन्ही तासन्‌तास दातांना चिकटून राहतात.

लोहाच्या गोळ्यांनी तोंडाला धातूची चव येते. तो वास नव्हे, आणि त्यापायी गोळ्या थांबवायच्याही नाहीत.

आता ब्रश तोंडात घातला की उमळून येतं त्याचं. उठल्या उठल्या ब्रश केलाच पाहिजे असा कुठे कायदा आहे? मळमळ ज्या वेळी सगळ्यात कमी असते ती वेळ धर. आंघोळीनंतर, दुपारी, कधीही. सकाळी नुसती चूळ भर. रात्री झोपण्यापूर्वीचा ब्रश मात्र चुकवायचा नाही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश आण. पेस्ट वाटाण्याएवढीच, कमी फेस करणारी, सौम्य चवीची, पण फ्लोराइडची. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण १००० ते १५०० पीपीएम असं लिहिलेलं असतं. पुदिन्याचा झणका सहन होत नसेल तर आधी नुसत्या ओल्या ब्रशने घासून घे आणि शेवटी बोटाने पेस्ट फिरव. मान मागे टाकून घासू नकोस, बेसिनवर पुढे वाकून घास, म्हणजे फेस घशाकडे जात नाही. नाकाने श्वास चालू ठेव. समोरच्या दातांपासून सुरुवात कर, मागच्या दाढा शेवटी, आणि त्या वेळी ब्रश बाजूने घाल, जिभेवरून नको. एका दमात नाही झालं तर दोन हप्त्यांत कर. जीभ साफ करताना श्वास बाहेर सोडत राहा आणि मधल्या भागापर्यंतच जा. मागे जाण्याची हिंमत हळूहळू येईल. घासून झाल्यावर पेस्ट थुंकायची, पण पाण्याने खळखळून धुवून काढायची नाही. थोडं फ्लोराइड दातांवर राहिलेलं बरं.

उलटी झाली तर मात्र लगेच ब्रश नको. इथे चांगल्या चांगल्या माणसांचं चुकतं. तोंडाची घाण चव सहन होत नाही म्हणून धावत जाऊन खसाखसा दात घासतात. जठरातलं आम्ल फार तीव्र असतं. दाताचं वरचं कडक आवरण, इनॅमल, तोंडातला पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र) ५.५ च्या खाली गेला की विरघळायला लागतं आणि जठररस त्याच्या कितीतरी खाली. उलटीनंतर काही वेळ ते आवरण मऊ पडलेलं असतं. त्याच वेळी ब्रश फिरवला तर ते खरवडलं जातं, आणि गेलेलं इनॅमल परत उगवत नाही. त्याऐवजी कपभर पाण्यात चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा घालून चूळ भर. गिळायचं नाही, तोंडात फिरवून थुंकायचं. सोडा आम्ल मारतो. तो जवळ नसला तर साध्या पाण्याने. ब्रश अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. मध्यरात्री छातीत जळजळून आंबट पाणी घशाशी येत असेल तर त्यालाही हाच नियम.

पहिल्या तीन महिन्यांत इतक्या उलट्या झाल्या असतील तर डॉक्टरांना वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू मुद्दाम बघायला सांग. उलटीचं आम्ल पहिलं तिथे लागतं. आरशात ती बाजू दिसत नाही, त्यामुळे झीज झालेली आपल्याला कळतच नाही. थंड पाणी लागलं की कळ येते तेव्हा कळते.

सासूबाईंचं कॅल्शियम. त्यांचं निरीक्षण खरं आहे, कारण चुकलं आहे. पूर्ण घडलेल्या दातातलं कॅल्शियम शरीर परत काढून घेऊ शकत नाही. तशी सोयच दातात नाही. बाळाला कॅल्शियम मिळतं ते तुझ्या खाण्यातून आणि गोळ्यांतून, आणि तिथे कमी पडलं तर तुझ्या हाडांतून. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवायच्या, फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकदम घ्यायच्या नाहीत, दोघींत अंतर ठेवायचं. मग बाळंतपणामागे दात जाताना त्यांनी पाहिले ते कशाने? उलट्यांचं आम्ल, मळमळीपायी दर दोन तासांनी तोंडात काहीतरी गोडधोड टाकणं, रक्त येतं म्हणून न घासणं, आणि "आता नको, बाळंतपणानंतर बघू" म्हणत किडलेली दाढ तशीच ठेवणं. पुष्कळ बायकांचे दात या शेवटच्या कारणानेच गेले असणार. त्यांना वाद घालून पटवायला जाऊ नकोस. दातांच्या डॉक्टरकडे जाताना सोबत घेऊन जा आणि हाच प्रश्न त्यांच्यासमोर विचार. घरच्या सुनेपेक्षा परक्या डॉक्टरचं लवकर पटतं, हा जगाचा नियम आहे.

नवऱ्यावर राग धरू नकोस. त्याने सांगितलं म्हणून तू लिहिलंस, आणि लिहिलंस म्हणून दाढेचं कळलं. उलट त्यालाच कामाला लाव: दोन आठवडे नीट घासल्यावर वास कमी झाला का, हे त्याने प्रामाणिकपणे सांगायचं. हिरड्या सुधारल्या आणि कीड काढली तरीही वास तसाच राहिला तर टॉन्सिलमध्ये अडकलेले पिवळट खडे, सायनस, आम्लपित्त यांचा शोध घ्यायला नाक-कान-घशाचे डॉक्टर आहेत.

गाल किंवा जबड्याखालचा भाग सुजला, ताप आला, तोंड पूर्ण उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला, यांपैकी काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. दाढेतला जंतुसंसर्ग पसरतोय अशी ती लक्षणं आहेत आणि गरोदरपणात त्याला वेळ द्यायचा नसतो.

एरवी फोन करून वेळ घे. मळमळ कमी असते त्या वेळेची माग. फोनवरच सांगायचं: "पाचवा महिना चालू आहे, वरची एक दाढ ठणकते, हिरड्यांतून रक्त येतं." म्हणजे ते तुला पंधरा दिवसांनंतरची तारीख देणार नाहीत. जाताना बाळंतपणाची फाइल, चालू गोळ्यांची यादी, शेवटचं बीपी आणि साखरेचा रिपोर्ट बरोबर ने, आणि तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांचा नंबरही देऊन ठेव. काही शंका आली तर दोघं आपापसात बोलून घेतील. थोडं खाऊन जा, उपाशी पोटी खुर्चीत बसू नकोस.